सरदार तिबोची वाचा

फ्रान्स देशात मार्न नदीच्या काठी सेर्वी नावाचं खेडं होतं. तिथल्या लहानशा ख्रिस्तमंदिरात तेव्हा संत ओबेरबाबा राहत. दरवर्षी मृतांच्या स्मरणदिनी बाबा गावातल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घेत आणि त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करीत.

एर्मेलीनच्या नवऱ्याचं नाव मात्र कधी येत नसे. गेरीन हा सरदार तिबोचा मोतद्दार, त्याच्या घोड्याची निगा राखणारा. मालकासोबत तो समुद्रापार धर्मयुद्धाला गेला. मालक परतला आणि म्हणाला, "गेरीन? पळाला कुठेतरी!" तेव्हापासून एर्मेलीन सधवाही नव्हती, विधवाही नव्हती; पळपुट्याची बायको होती.

त्या वर्षी तिबोने युद्धाची हकिगत स्वतः लिहून काढली होती. स्मरणदिनी ती मंदिरात वाचायला तो उभा राहिला. एर्मेलीन लेकीला कडेवर घेऊन पुढे आली.

"धनी, तो गेला असेल तर तसं सांगा. बाबा त्याचं नाव तरी घेतील."

तिबो हसला. "मोतद्दाराचं नाव घ्यायचं? मग उद्या माझ्या घोड्याचंही घ्यावं लागेल!"

सगळे हसले. आई रडतेय हे पाहून लेक तिचे गाल पुसू लागली. बाबांनी डोळे मिटले. "प्रभो, हिला उत्तर दे," एवढंच ते म्हणाले.

तिबो वाचू लागला. "आमचे मोतद्दार भिऊन पळाले..." आणि काय आश्चर्य! त्याचे ओठ हलत होते, पण आवाज फुटेना. त्याने पान उलटलं, तो पाणी प्यायला. छे! घाबरून त्याने बाबांचे पाय धरले.

बाबा शांतपणे म्हणाले, "सरदार, घडलं ते सांगा. जे घडलंच नाही, त्याला आवाज कुठून येणार?"

तिबोचा घसा मोकळा झाला.

"आम्ही दोघंही शत्रूच्या कैदेत होतो. मी तापाने फणफणलो होतो, गेरीनने मला पाठीवरून वाहून नेलं. खंडणी भरून सरदारांची सुटका झाली तेव्हा पहारेकऱ्याने विचारलं, 'हा तुझा माणूस का?' हो म्हटलं असतं तर त्याच्या सुटकेसाठी आणखी एक दिवस थांबावं लागलं असतं. मी नाही म्हणालो. जहाज सुटायच्या आतच मागे राहिलेल्या कैद्यांना कापून काढलं. त्याने मला हाक मारली होती. मी ऐकली होती."



तिबो एर्मेलीनसमोर आडवा झाला, त्याने कपाळ फरशीला टेकवलं. "बाई, क्षमा कर."

तिने पाय मागे घेतले. "बाबा, नाव घ्या," ती म्हणाली.

बाबांनी गेरीनचं नाव घेतलं. साऱ्या गावाने गुडघे टेकले. तिबो तसाच पडून होता. एर्मेलीनने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही आणि भाविकहो, बाबांनीही तिला क्षमा करायला सांगितलं नाही.