हिंगाची गोळी आणि हँडबॉल

आमच्या नाशिकच्या कॉलेजात हँडबॉलचं एकच मैदान, आणि ट्रस्टी कीर्तनेसाहेबांना नेमकी तिथेच क्रिकेटची नेट लावायची होती. डेन्मार्कहून आलेले पाहुणे येन्सनसाहेब शेजारी उभे असतानाच कीर्तनेसाहेब आम्हाला म्हणाले, "अगं पोरींनो, क्रिकेट कोट्यवधी लोक बघतात. जगाचा खेळ आहे तो. तुमचं हँडबॉल कोण ओळखतं?"

आमची कॅप्टन मृण्मयी पुढे आली. तिने सॅकमधून हिंगाच्या गोळ्यांची डबी काढून पाहुण्यांपुढे धरली. त्यांनी एक तोंडात टाकली मात्र, आणि चेहरा असा काही झाला की आम्ही हसू दाबत माना खाली घातल्या. मग तिने त्यांच्या हातात बॉल दिला. डेन्मार्कमध्ये हँडबॉल शाळेपासून खेळतात, त्यामुळे गडी एकदम खुलला. कोट काढला, पळत जाऊन उंच उडी मारली आणि थेट गोल!

"हा काय प्रकार आहे?" कीर्तनेसाहेबांनी विचारलं.

"सर, हिंगाची गोळीपण कोट्यवधी लोक आवडीने खातात," मृण्मयी म्हणाली. "फक्त ते बहुतेक सगळे एकाच देशात राहतात."

कीर्तनेसाहेबांनी एकदा पाहुण्यांकडे पाहिलं. मग शिपायाला म्हणाले, "नेट मागच्या पटांगणात लाव रे."