ओढ्यातला करंडा

“घालणार नाहीस?”

“नाही, बुवा.”

वर मठाच्या अंगणात माणसे खोळंबली होती. निरंजनबुवांची गादी आज अच्युतरावांकडे जायची होती. त्या मठात कफनी एकच. विरलेली कड कापायची, पुन्हा शिवायची आणि शिष्याच्या अंगावर घालायची, ही रीत. पहिल्या महाराजांच्या घोट्यांवर रुळणारी ती कफनी बुवांच्या गुडघ्यांवर आली होती.

अच्युतराव खाली ओढ्याकाठी बुवांसमोर उभे होते. जन्मभर वनस्पतिशास्त्र शिकवून झाल्यावर ते बुवांच्या पायाशी आले होते. आपलेच चुकत असेल तर? मान मात्र ताठ.

“घाबरलास, प्रोफेसर?”

“घाबरलोय. हाकलून द्या हवं तर. पण घालणार नाही.”

“का?”

अच्युतरावांनी पाण्यातला एक दगड उचलला. त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर होता.

“हे डायटम, एकेका पेशीचं शेवाळ. नुसत्या डोळ्यांना एकेकटा दिसत नाही. पाण्यात विरघळलेली गारगोटी घेऊन काचेचं घर करतात. कुंकवाच्या करंड्यासारखं… वर झाकण, खाली तळ. एकाचे दोन झाले की एकेकाला एकेक अर्धं मिळतं. मिळालं ते झाकण म्हणायचं आणि त्याच्या आत बसेल असा नवा तळ घडवायचा. ज्याच्या वाट्याला जुना तळ आला, तो बापाहून लहान. त्याच्या वंशात कुणी आणखी लहान…”

“कुठवर?”

“आता संपणार, इथवर. मग करंडाच टाकून देतात. उघडे, मऊ. तसेच फुगतात आणि नवा, मोठा करंडा घडवतात.”

“सगळे?”

“नाही. पुष्कळ मरतात.”

बुवांनी दगडावरून नजर उचलून अच्युतरावांच्या अंगातल्या कोटाकडे पाहिले.

“हा कोट कुणाचा रे?”

अच्युतराव दचकले. “आमच्या सरांचा. त्यांनी शेवटी मला…”

“बाह्या आखूड दिसतात.”

“विरल्या होत्या. कापून, दुमडून…”

त्यांची नजर बाहीवरून बुवांच्या कफनीच्या कापलेल्या कडेवर गेली.

बुवांनी कफनी डोक्यावरून काढली, काठावर टाकली आणि ते नुसत्या लंगोटीनिशी ओढ्यात उतरले. अंगणातली कुजबुज एकदम थांबली.

कमरेएवढ्या पाण्यात थांबून त्यांनी मागे वळून पाहिले.

“पाणी गार आहे. मासेही चावतात… ये.”