कानातली गोचीड

कुत्री माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. म्हाळू धनगराच्या कबऱ्या कुत्र्याच्या कानात एक गोचीड चिकटली. "गप्प बस," ती आतून कुजबुजली, "धन्याला कळलं तर हाकलून देईल तुला."

तेव्हापासून म्हाळूनं हात पुढं केला की कबऱ्या कान पाडून लांब पळायचा. "रुसलास काय रे लेका?" म्हणत म्हाळू हिरमुसायचा.

एके दुपारी म्हाळूच कराकरा अंग खाजवताना दिसला. कबऱ्याला राहवेना. "धनी, माझ्यामुळं तुम्हालाही गोचिडी चावतायत. मी जातो."

"जातोस? अन् माझ्या पाठीवरची कोण बघणार? माझा हात पोचत नाही तिथं. आधी तुझा कान आण इकडं."

"ऐकू नकोस त्याचं!" गोचीड कानातून किंचाळली. पण कबऱ्यानं डोकं केव्हाच म्हाळूच्या मांडीवर टेकवलं होतं.