सूर्यमालेचा हलवा

“मग ती धूळ गोळा कशी झाली?” अंबूमाईंनी विचारलं.

“गुरुत्वाकर्षणाने,” हेरंब म्हणाला.

“म्हणजे?”

“कणाला कण चिकटला, माई. फिरता फिरता मोठा झाला.”

हेरंब मठात येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी तो बीएस्सी झाला होता, आणि हे तो कोणाला विसरू देत नसे. उद्या संक्रांत. माईंच्या गादीवर बसून गावाला सूर्यमालेची उत्पत्ती सांगायची, एवढी एकच इच्छा त्याला जेवू देत नव्हती. टिपण काढून झालं होतं, उपरणंसुद्धा इस्त्री करून ठेवलं होतं. फक्त माईंचा होकार बाकी होता.

“किती वेळ लागला याला सगळ्याला?”

“कोट्यवधी वर्षं.”

“आणि तू सांगणार किती वेळात?”

“दीड तास… फार तर पावणेदोन.”

माई हसल्या नाहीत. त्यांच्यापुढे मंद शेगडीवर परात होती, परातीत मूठभर तीळ. चमचाभर पाक सोडायचा, बोटांनी तीळ फिरवत राहायचं, सुकला की पुन्हा चमचाभर. असा सकाळभर जीव आटवला की हलव्याला काटा येतो.

“हात धुऊन ये. याला काटा आला, की उद्या गादी तुझी.”

हेरंबला हसूच आलं. एवढंच?

माई गोठ्याकडे गेल्या. त्याने चमचाभर पाक सोडला, बोटं फिरवली. पुन्हा चमचाभर. बोटं भाजली. तीळ होते तसेच, जरा चिकट. अर्धा तास तरी झाला असेल म्हणून त्याने घड्याळ पाहिलं, तर दहाच मिनिटं झाली होती.

शेवटी पाक तोच, तीळ तेच. मग थेंबाथेंबाने कशाला? त्याने पाकाची अख्खी वाटी परातीत उपडी केली आणि जोरात हात फिरवला.

माई परतल्या तेव्हा परातीच्या मधोमध लाडवाएवढा गोळा बसला होता. कडेला चार-दोन तीळ कोरडे पडले होते. हेरंबची पाचही बोटं एकमेकांना चिकटली होती.



“माई,” तो पडेल आवाजात म्हणाला, “उद्या मी… गादीवर…?”

माईंनी वाटी उचलली, तिच्या तळाशी राहिलेला पाक पाहिला आणि ती त्याच्यापुढे ठेवली.

“सूर्य झाला, हेरंबा. आता गावाला बसायला एवढ्या उरलेल्या पाकात पृथ्वी कर.”