धाकू तांडेलाला न दिलेली ओ

फार फार वर्षं झाली. सुरमाड बेटावर तेव्हा ना दीपगृह होतं, ना धक्का, ना तुमच्यासारखी पांढरी वाळू बघायला येणारी माणसं. पोवळ्यांचे खडक मात्र होते. बेटाला त्यांचा वेढा होता आणि आत यायला एकच वाकडी खिंड होती. उन्हाळ्यात समुद्रावर खारं धुकं उतरलं की ती दिसत नसे. मग होडीचा तांडेल बाहेर थांबून हाक मारी आणि किनाऱ्यावरच्या उंच कातळावरून घरचं माणूस ओ देत राही. त्या आवाजाच्या रोखाने होडी आत येई. ओ थांबली की होडी खडकावर गेलीच म्हणून समजा.

धाकू तांडेल त्या काळचा. त्याची हाक एवढी मोठी होती, की ती ऐकून माडांवरचे बगळे उडत, असं म्हणतात. त्याची बायको आनसू नाजूक चणीची, पण ओ द्यायला तिच्याइतका खणखणीत गळा बेटावर दुसरा नव्हता. नवरा-बायको भांडायचीसुद्धा समुद्रावरून, आणि सगळं गाव कान देऊन ऐकायचं.

एका वर्षी बेटावरची एकुलती विहीर खारट झाली. पोरंबाळं तहानेने रडू लागली. धाकू म्हणाला, मी पलीकडच्या किनाऱ्यावरून गोडं पाणी आणतो. होडीत रिकाम्या घागरी भरून तो गेला आणि वारा फिरला. दिवसांमागून दिवस गेले, तो येईना. मग एके सकाळी त्याचं वल्हं तेवढं वाहत आलं.

आता आमच्याकडची रीत ऐका. समुद्राने नेलेल्या माणसाचं प्रेत मिळत नाही, म्हणून त्याच्या नावाने किनाऱ्यावर माड लावायचा. माड लावला की माणूस गेला. त्यानंतर समुद्रावरून त्याच्या आवाजात हाक आली, तरी ओ द्यायची नाही. ती समुद्राची हाक, जो ओ देईल त्याच्या घरातलं आणखी एक माणूस समुद्र नेतो, असं जुनी माणसं सांगत. खरं तर माड लावण्याआधी पुनवेपर्यंत वाट बघायची असते. पण तहानेने सगळे चिडलेले, आणि वल्हं तर समोर पडलेलं. गावप्रमुख जिवबा गावकराने पुनवेआधीच माड लावून टाकला. आम्ही घाई केली. कुणी केली असं विचारलंत तर आम्ही आजही 'आम्ही' असंच सांगतो.

माडाची माती ओली होती तोवरच धुक्यातून हाक आली.

"आनसू, गे आनसू! ओ दी गे!"

बगळे उडाले. सगळं गाव किनाऱ्यावर गोळा झालं आणि कुणी तोंड उघडेना. आनसू तान्ह्या लेकीला छातीशी धरून कातळाकडे धावली. जिवबा आडवा आला.

"तो धाकू न्हय," तो म्हणाला. "मेल्याक ओ दिलंस तर पोरीक मुकशीत."

आनसूने लेकीकडे बघितलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिला दोष देऊ नका. आम्ही कधी दिला नाही.

धाकू दुपारभर हाका मारत होता. आधी बायकोला, मग शेजाऱ्यांना, शेवटी नाव घेऊन एकेकाला. ज्याचं नाव येई तो खाली मान घाली. उन्हं कलली तशी हाक थांबली. सगळ्यांना हायसं वाटलं, आणि आम्हाला लाज वाटते ती याचीच.

मग भरतीबरोबर घागरी आल्या. तोंडं मेणाने बंद केलेल्या मातीच्या घागरी खडकांवरून तरंगत आल्या आणि एकीलाही तडा गेला नाही, असं म्हणतात. जणू कुणी हाताने आणून वाळूवर ठेवाव्यात तशा त्या लागल्या. आनसूने एक उघडली, ओंजळभर पाणी लेकीला पाजलं आणि मग जिवबाकडे वळली.

"मेलेलो माणूस गोडा पाणी कित्याक आणीत?"

सगळं गाव कातळावर धावलं आणि घसा फुटेस्तोवर ओरडलं. धुकं विरलं. खिंडीपलीकडे समुद्र रिकामा होता. धाकू तांडेल कुठे गेला, ते कुणाला कधी कळलं नाही. जिवबाने उरलेली एक घागर विहिरीत ओतली आणि विहीर गोडी झाली, असं म्हणतात. चव घेऊन बघा. आमच्या घशाखाली मात्र ते पाणी सुखाने उतरत नाही.

त्या दिवसापासून बेटावर कुणासाठी माड लावत नाहीत. होड्यांना आता इंजिनं आहेत, खिंडीत लाल-हिरवे दिवे आहेत. तरी समुद्रावरून कुणीही हाक मारू दे, ओळखीचा असो वा नसो, जवळ असेल तो हातातलं काम टाकून ओ देतो. नवी सून आली की चूल दाखवायच्या आधी तिला कातळावर नेतात आणि ओ द्यायला लावतात. काल तुमच्या लाँचमधली मुलं गंमत म्हणून ओरडली, तेव्हा चार म्हाताऱ्यांनी ओ दिली आणि मुलं हसली. हसू देत.

आणि वर्षातून एकदा, पुनवेच्या अलीकडे, सगळं बेट दुपारी कातळावर जमतं. लेकुरवाळ्या बायका पुढे उभ्या राहतात. त्या दिवशी समुद्राकडे तोंड करून कुणी हाक मारत नाही. सगळे फक्त ओ देतात.