गोमाईची फळी

ज्या वर्षी गोमाईच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, त्या वर्षीच्या माघातली ही गोष्ट. प्रभू येशूचे नाव घेत दूर पारस देशातून गलबताने आलेले संत यझदादबाबा तेव्हा कोकणात, खाडीच्या तोंडाशी असलेल्या कोळ्यांच्या सुरुडे गावी राहत होते. त्यांच्या देशच्या रीतीप्रमाणे झोपडीपुढे शिसवाची फळी टांगलेली असे. घंटेऐवजी प्रार्थनेला तीच मोगरीने वाजवायची. हे काम खडकावरची कालवे फोडून पोट भरणाऱ्या विधवा गोमाईकडे होते.

होडीचा मालक नागू तांडेल जाता-येता हसायचा. "काय गं गोमे, देव बहिरा आहे काय तुझा? हेच लाकूड चुलीत घातलं असतंस तर भाकरी तरी झाली असती!"

गोमाई वाजवीत राही.

एके सकाळी नागूची होडी समुद्रात असताना असे धुके उतरले की स्वतःचा हात दिसेना. होडीत नागूचा एकुलता मुलगा पदाजी होता आणि गोमाईचा भाऊ हरक्याही. खाडीच्या तोंडाशी तर खडकच खडक. बाबा तापाने फणफणले होते. क्षीण आवाजात म्हणाले, "गोमाई, फळी वाजव. त्यांना किनारा दिसत नाही, ऐकू तरी येऊ दे. मी थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस, बाळ."

गोमाई वाजवीत राहिली. हाताला फोड आले, फुटले. नागू ओरडला, "अगं, एवढ्या समुद्रात तुझी टकटक कुठवर पोचणार?"

भर दुपारी फळी मधोमध चिरली. दोन्ही तुकडे मातीत पडले. गोमाई आत धावली. "बाबा, आता काय वाजवू?"

बाबांचा श्वास थांबला होता.

नागू दाराशी बसला. "संपलं," एवढेच म्हणाला.

दिवस कलताना धुक्यातून होडी आली. पदाजी उतरला. "आबा, फळीच्या आवाजावर वल्ही मारत आलो. वाळूला लागेपर्यंत वाजत होती. क्षणभर थांबली नाही!"

नागूने मातीतल्या तुकड्यांकडे पाहिले. काय ही कृपा!

गोमाईने विचारले, "आणि माझा हरक्या?"

पदाजीने मान खाली घातली. "सकाळीच, गोमाक्का. खडकाला घासलो, तेव्हा पाण्यात पडला. फळी वाजू लागली त्याच्या आधीच."

नागू तांडेलाने डोईचे फडके उतरवले, बाबांच्या उंबऱ्यावर माथा टेकला. मग गोमाईच्या रक्ताळलेल्या हातांवर. "या हातांना हसलो गं मी, माय."



हरक्या माघ वद्य पंचमीला सकाळी गेला. यझदादबाबा त्याच दिवशी भर दुपारी गेले.