येसबा कारभारी पाण्यात उतरले तो दिवस

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मला विचारू नका. माझ्या आज्याला त्याच्या आज्याने सांगितली, तेव्हाही ती जुनीच होती.

वाघोट आणि शेवरी अशी दोन चिमुकली राज्यं होती. एवढी चिमुकली, की वाघोटचा राजा शिंकला तर शेवरीचा राजा 'सत्य आहे' म्हणायचा. मधे होतं दुधाळं तळं. वाघोट उत्तरेच्या काठाला, शेवरी दक्षिणेच्या.

वाघोटचे कारभारी होते येसबा. राजे तीन झाले, कारभारी एकच. असं म्हणतात, की येसबांसमोर खोटं बोललं की माणसाला उचकी लागायची. म्हणून त्यांच्या कचेरीत दारातच पाण्याचा रांजण भरून ठेवलेला असे.

एका वर्षी पाऊस रुसला. विहिरी आटल्या, ओढे आटले, पाणी उरलं ते दुधाळ्यात. लगेच वाघोट म्हणालं, तळं आमचं. शेवरी म्हणाली, तळं आमचं. दोन्हीकडून भाले निघाले. येसबांचा मुलगा तुळाजी वाघोटच्या फळीत उभा राहिला आणि समोर शेवरीच्या फळीत त्यांचा जावई. लेक कोंडाऊ शेवरीतच दिलेली. भावाचा भाला नवऱ्याला लागेल की नवऱ्याचा भावाला, या विचाराने त्या पोरीने तीन दिवस चूल पेटवली नाही.

तेव्हा शिवेचा तंटा मिटवायची एक रीत होती. दोन्ही गावांना मान्य असलेल्या माणसाने आंघोळ करायची, ओलेत्याने शिवेवरच्या मातीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि चालायचं. तो चालेल ती शीव. बोलायचं नाही, थांबायचं नाही, मागे वळायचं नाही. तसं केलं तर दिव्य मोडलं. आणि खोटं चालला, तर वर्षाच्या आत त्याच्या घरादाराचं वाटोळं.

शेवरीची म्हातारी माणसं म्हणाली, "येसबा तुमचे असले तरी चालतील. ते चालतील ती शीव."

आदल्या दिवशी वाघोटच्या राजाने येसबांना बोलावलं. "येसबा, तळ्याला दक्षिणेकडून वळसा घाला. तळं आपलंच आ..." आणि राजाला उचकी लागली. येसबांनी मुकाट्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

खरी मेख इथेच होती. पूर्वेच्या काठावर शिवेचा एक दगड होता, पश्चिमेच्या काठावर दुसरा. पण पाणी आलं की शीव चालणारा प्रत्येक जण काठाने वळायचा. कुणी या काठाने गेला, कुणी त्या काठाने. त्यामुळे तळं एका पिढीत वाघोटचं व्हायचं आणि पुढच्या पिढीत शेवरीचं. दोन दगड रोज दिसत होते, पण मधली सरळ रेघ कुणाला दिसली नाही. शहाणी माणसं पाण्यात पाय घालत नाहीत ना!

येसबा निघाले. सत्तर वर्षांचा म्हातारा, अंगावर ओलं धोतर, डोक्यावर ढेकूळ. पूर्वेच्या दगडापाशी आले. वाघोटला वाटलं, आता डावीकडे वळतील. शेवरीला वाटलं, उजवीकडे. येसबा सरळ पाण्यात उतरले.

गुडघे बुडाले. कंबर बुडाली. आणि येसबांना पोहता येत नव्हतं, हे दोन्ही गावांना ठाऊक होतं.

"आबा!" कोंडाऊ काठावरून ओरडली. "माघारी फिरा, आबा! बुडशीला!"

येसबांनी मान वळवली नाही. पाणी छातीला लागलं, मग हनुवटीला. मग डोकं दिसेनासं झालं आणि नुसतं ढेकूळ पाण्यावरून चालू लागलं.

मग काय झालं, याबद्दल दोन्ही गावांत अजून वाद आहे. वाघोटचे सांगतात, तळ्याने आपला तळ उचलून त्यांच्या पायाखाली धरला. शेवरीचे सांगतात, तुळाजीने भाला टाकून दिला आणि उडी मारली, समोरून जावयाने मारली, मागोमाग दोन्ही फौजा धबाधबा पाण्यात. दोन्ही बाजूंनी हात लागले आणि म्हातारा वर आला, तो पाय न थांबवता. मला विचाराल, तर दोन्ही झालं असेल. नुसत्या माणसांवर विसंबावं असा तो दिवस नव्हता, आणि नुसत्या देवावर सोडावं असाही नव्हता.

येसबा पश्चिमेच्या दगडाला टेकले, तेव्हा सगळ्यांनी रोखून धरलेला श्वास एकदमच सुटला. असं म्हणतात, त्या सुस्काऱ्याने तळ्यावर लाटा उठल्या. कोंडाऊ बापाच्या गळ्यात पडून रडली, मग भावाच्या, मग लाजलज्जा सोडून नवऱ्याच्याही.

राजा कुरकुरला, "अर्धं तळं गेलं की हो, येसबा."

"गेलं, म्हाराज," येसबा ठसकत म्हणाले. "पण आज दोन्ही गावांत कुण्या बाईचं कुंकू गेलं न्हाई."

दुपारी दोन्ही गावच्या बाया एकाच तळ्यावर घागरी भरायला आल्या.

आता राजे नाहीत, राज्यंही नाहीत. पण वाघोटात किंवा शेवरीत भांडण हातघाईवर आलं, की म्हातारी माणसं दोघांना दंडाला धरून दुधाळ्यावर नेतात. येसबांचं नाव घ्यायचं आणि गळ्याएवढ्या पाण्यात समोरासमोर उभं राहायचं. मग भांडा म्हणावं हवं तेवढं. पाय घसरायला लागतात, आणि आधाराला हाताशी असतो तो समोरचाच. आजवर तिथून कुणी एकटा बाहेर आलेला नाही.